चार टाळ आणि सत्तावीस अभंग: वस्तीत नवं भजनी मंडळ कसं उभं करावं

भजनी मंडळ काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "गाणार कोण?" तो सध्या बाजूला ठेवा. आमचं पहिलं मंडळ एका उत्तम गळ्याच्या गृहस्थांवर उभं होतं. ते गात आणि आम्ही ऐकत असू. त्यांची बदली झाली आणि पुढच्या दोन महिन्यांत मंडळ संपलं, कारण एकेकट्याने गायची सवय आमच्यापैकी कुणालाच लागली नव्हती. दुसऱ्यांदा सुरुवात केली ती ध्रुपद धरणाऱ्यांपासून, म्हणजे मागे म्हणणाऱ्यांपासून. ते मंडळ आजही चालू आहे. पुढे जे लिहितो आहे ते वारकरी पद्धतीच्या सांप्रदायिक भजनाबद्दल आहे, आणि ते अशा सात-आठ जणांसाठी आहे ज्यांना "आपल्याला गाता येत नाही" असं मनापासून वाटतं.

माणसं, वार आणि वेळ

सात माणसं पुरतात. चारांवर सुरू केलंत तरी हरकत नाही, फक्त ती चार दर वेळी येणारी हवीत. वीस नावांची यादी करून त्यातले पाच येण्यापेक्षा पाच ठरवून पाचही आलेले बरे.

आठवड्याचा एक वार पक्का करा. एकादशी महिन्यातून दोनदा येते, वर्षात चोवीस, अधिक मास असेल त्या वर्षी सव्वीस. शिकायला तेवढ्या बैठका कमी पडतात. म्हणून आठवड्याचा वार वेगळा आणि एकादशी वेगळी ठेवावी. आम्ही गुरुवार धरला. तुकोबारायांनी आपल्या गुरूपदेशाचा वार अभंगातच सांगून ठेवला आहे: माघ शुद्ध दशमी, गुरुवार. त्या दिवशी बाबाजींनी त्यांना जो मंत्र दिला तो 'राम कृष्ण हरी', आणि आजही प्रत्येक भजनाची सुरुवात त्याच नामाने होते. वार निवडायला एवढं कारण आम्हाला पुरलं. तुमच्या वस्तीत शनिवारी सगळे मोकळे असतील तर शनिवार घ्या.

सुरुवातीच्या वेळेपेक्षा संपायची वेळ जास्त काटेकोर पाळा. साडेसातला बसलात तर नऊला पसायदान झालंच पाहिजे. ज्यांना सकाळी पाळी आहे, ज्यांच्या घरी लहान मूल आहे, ती माणसं भजन लांबायला लागलं की हळूहळू यायची थांबतात आणि कुणाला काही बोलूनही दाखवत नाहीत. रंग चढला म्हणून अर्धा तास वाढवण्याचा मोह मोठा असतो. तो मोह एकादशीच्या जागरासाठी राखून ठेवावा.

पहिले तीन महिने जागा बदलू नका. मंदिराचा सभामंडप मिळाला तर उत्तम, नाहीतर कुणाच्या तरी घरातली पुढची खोली. सतरंजी, समई, विठ्ठल-रखुमाईची तसबीर, तुळशीचा हार किंवा नुसती मंजिरी पुरे. ध्वनिक्षेपक नको. खोलीत माइक आला की ज्याच्या हातात माइक त्याचंच भजन होतं आणि ध्रुपद दबून जातं. शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहेच. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागे दोन खुर्च्या मांडून ठेवा. खुर्ची मागून घ्यायला म्हाताऱ्या माणसाला संकोच वाटतो.

आधी हरिपाठ, अभंग नंतर

पहिल्या दिवशी कुणीही सुटा अभंग म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. सुटा अभंग म्हटला की चाल कोणती, पट्टी (सुराची उंची) कोणती, कोण सांगणार, म्हणजे पुढे म्हणणार, सगळे प्रश्न एकदम उभे राहतात. हरिपाठाला यातलं काहीच लागत नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग आहेत (फलश्रुतीचा धरून काही प्रतींत अठ्ठावीस). सगळे जवळपास एकाच चालीत म्हणता येतात. प्रत्येक अभंगानंतर तीच ओळ येते: 'हरि मुखे म्हणा हरि मुखे म्हणा, पुण्याची गणना कोण करी.' ज्याला एकही अभंग पाठ नाही तोसुद्धा पहिल्याच संध्याकाळी ही ओळ सत्तावीस वेळा म्हणतो. घरी जाताना ती त्याच्या तोंडात असते.

बसायचं समोरासमोर, दोन ओळींत. एका बाजूने अर्धी ओवी उचलायची आणि दुसऱ्या बाजूने उरलेली पुरी करायची. 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी' इकडून, 'तेणे मुक्ती चारी साधियेल्या' तिकडून. यात दोन गोष्टी आपोआप साधतात. श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि समोरच्याचं ऐकल्याशिवाय आपल्याला उचलता येत नाही. गाता न येणारी माणसं बहुतेक वेळा ऐकत नसतात, एवढीच त्यांची अडचण असते.

पाठांतराचा हिशेब सोपा आहे. दर बैठकीला पुस्तकात बघून सगळा हरिपाठ म्हणा आणि त्यातले तीन अभंग त्या आठवड्यासाठी पाठ करायला घ्या. नऊ आठवड्यांत सत्तावीस होतात. बसून, साध्या चालीत हरिपाठाला साधारण अर्धा तास लागतो. पाठ झाला की उभ्याने पावल्या घेत म्हणा. तेव्हा वेळ वाढतो आणि आनंद त्याहून वाढतो. पावली म्हणजे ठेक्यावर पाऊल पुढे-मागे टाकणं. ती शिकवावी लागत नाही. जुना वारकरी शेजारी उभा असेल तर दोन अभंगांत पाय आपोआप पडायला लागतात.

पाठ करताना अर्थ सांगा, नाहीतर शब्द मोडतात. पहिल्याच अभंगात 'वेदशास्त्र उभारी बाह्या सदा' आहे. कितीतरी जण हे 'बाह्य सदा' म्हणतात आणि बाहेरचं काहीतरी आहे असं समजून पुढे जातात. बाह्या म्हणजे बाहू. वेदशास्त्रं हात उंच करून सतत हेच सांगताहेत, असं चित्र आहे ते. आणि त्याच्या आधीचे शब्द 'असोनि संसारी जिव्हे वेगु करी'. संसारात राहूनच जिभेला नामाचा वेग दे. कचेरीतून थेट भजनाला आलेल्या माणसाला हे समजावून सांगा आणि मग म्हणायला लावा. त्याचा आवाज बदललेला तुमचा तुम्हालाच ऐकू येईल.

सहा-सहा-सहा-चार

हरिपाठ जिभेवर बसला की अभंगाचा छंदही बसलेला असतो, फक्त ते आपल्याला माहीत नसतं. बोटांवर मोजून दाखवा: दे-वा-चि-ये-द्वा-री, सहा. उ-भा-क्ष-ण-भ-री, सहा. ते-णे-मु-क्ती-चा-री, सहा. सा-धि-ये-ल्या, चार. आता 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया' मोजा. तेच सहा-सहा-सहा-चार. याला मोठा अभंग म्हणतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक असतं, विटेवरी-कटावरी, आणि चौथा आखूड चरण लांबवून म्हणायची सोय असते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात: 'जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले.'

हे कळलं की एक मोठी भीती जाते. एका मोठ्या अभंगाची चाल आली म्हणजे दुसरे पन्नास मोठे अभंग त्याच चालीत म्हणता येतात. नव्या मंडळाला वर्षभर तीन चाली पुरतात: एक संथ, एक मध्यम आणि एक लहान अभंगाची. अधूनमधून एखादा चरण सहाऐवजी सात अक्षरांचा येतो, तिथे दोन अक्षरं जोडून घ्यायची. तोंडाला ते आपसूक जमतं. मुलं असतील तर त्यांना अक्षरं मोजायला द्या. आमच्याकडे दुसरीतली एक मुलगी नव्या अभंगाची अक्षरं सगळ्यांच्या आधी मोजून सांगते. तिचे आजोबा तिच्यामुळे भजनाला यायला लागले.

टाळ

पहिली खरेदी टाळांची. चार जोड्या घ्या, प्रत्येकाला एक नको. सगळ्यांच्या हातात टाळ आले आणि लय कुणालाच नसली की कान बधिर होतात.

टाळ दुकानात वाजवून घ्यावा. दोन्ही वाट्यांचा नाद एकमेकांत मिसळायला हवा. एक जड आणि एक चिरकी असेल तर ती जोडी ठेवून द्या. हलका आघात करून थांबा आणि नाद किती वेळ रेंगाळतो ते ऐका. फार वजनदार टाळ नवशिक्याने घेऊ नये, पाऊण तासात मनगट भरून येतं. मधल्या भोकातून ओवलेली सुती दोरी मजबूत हवी आणि गाठ आतून घट्ट. चालू भजनात टाळ सुटून कुणाच्या पायावर पडलेला मी पाहिला आहे.

वाजवायचं ते काठावर काठ. तोंडाला तोंड सपाट आपटलं की आत हवा कोंडते आणि नाद मरतो. सांप्रदायिक भजनाचा ठेका बहुतेक वेळा आठ मात्रांचा असतो. पहिले दोन आठवडे टाळ हातात घेऊच नका. हरिपाठ म्हणताना मांडीवर हाताने एक ते आठ मोजा. मग टाळ घ्या आणि फक्त मात्रेवर एकेक आघात द्या, दुगण (दुप्पट लय) नको. चौघांचे चार टाळ एका आघातासारखे ऐकू आले की त्या दिवशी मंडळ झालं असं समजा. याला आम्हाला चार महिने लागले.

लय वाढवण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नवी मंडळं इथेच घसरतात. गजर करताना लय चढते, ती चढायलाच हवी. पण ती चढवायची कुणी? एकाने, आणि तो पखवाजवाला असावा किंवा पखवाज नसेल तर ठरवलेला एक टाळकरी. बाकीच्यांनी डोळे त्याच्याकडे ठेवायचे. उत्साहात प्रत्येक जण थोडा थोडा पुढे पळतो आणि तिसऱ्या मिनिटाला शब्द ऐकू येईनासे होतात, नुसता गलका उरतो. नाम स्पष्ट ऐकू येत नसेल तर लय जास्त झाली आहे. दुसरी खूण शोधायला नको.

पखवाज, पेटी, वीणा

पखवाजाची घाई नको. वाजवणारा मिळेपर्यंत टाळांवर चालवा. मिळाला की त्याला मान द्या, आणि शेजारी एखादा मुलगा किंवा मुलगी रोज बसवा, म्हणजे दोन वर्षांनी दुसरा तयार होतो. पखवाजाच्या उजव्या पुडीवर, म्हणजे त्या तोंडावरच्या कातड्यावर, शाई कायमची असते. डाव्या पुडीवर मात्र भजनाच्या आधी भिजवलेली कणीक लावावी लागते, तिनेच तो खोल, भरीव आवाज येतो. कणीक फार सैल नको, फार घट्टही नको. चपातीच्या कणकेपेक्षा थोडी मऊ. वाजवता वाजवता ती सुकते आणि आवाज वर सरकतो, तेव्हा ओलं बोट फिरवायचं. सूर लावायचा तो कातडं ताणणाऱ्या चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने खाली-वर सरकवून. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, म्हणून पखवाज खोळीत, जमिनीपासून उंच ठेवावा.

आता पट्टीचा प्रश्न. पट्टी पेटीच्या सप्तकातल्या काळ्या पट्ट्यांच्या क्रमाने सांगतात. पुरुषांना साधारण काळी एक किंवा दोन सोयीची पडते, बायकांना काळी चार किंवा पाच. मिश्र मंडळात सगळ्यांना बसेल अशी एक पट्टी नसते आणि तिच्यासाठी भांडत बसण्यात अर्थ नाही. अभंग सांगणारा जो असेल त्याची पट्टी घ्यावी आणि बाकीच्यांनी आपापल्या सप्तकात जमवून घ्यावं. पखवाज मात्र दर अभंगाला नव्याने लावता येत नाही. त्याला एक युक्ती आहे. काळी एकला षड्ज (सा) धरला तर तिचा पंचम (प) म्हणजे काळी चार. पखवाज काळी चारला लावून ठेवा. पुरुष काळी एकमध्ये म्हणाले तर तो पंचमात बोलतो, बायका काळी चारमध्ये म्हणाल्या तर षड्जात. दोन्हीकडे खटकत नाही.

पेटीवाल्याला एकच विनंती करा: ध्रुपद चालू असताना हात हलका ठेवा. गळे कच्चे असतात, भाता जोरात ओढला की ते पेटीच्या मागे लपतात आणि कायमचे लपूनच राहतात.

वीणा ही सगळ्यांत शेवटी येणारी गोष्ट. तिच्यात वाजवायचं कसब फार लागत नाही, तिची मर्यादा मात्र सांभाळावी लागते. विणेकरी उभा असतो, दिंडीत आणि सप्ताहात भजन त्याच्या आधाराने चालतं, आणि तो वीणा जमिनीवर टेकवत नाही. दुसऱ्याच्या गळ्यात देताना दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस, रात्रंदिवस वीणा अशीच गळ्यातून गळ्यात जात राहते. तुमच्या मंडळाला ही शिस्त पेलेल असं वाटेल तेव्हाच वीणा आणा. आणि ती आली की बायकांच्याही गळ्यात जाऊ द्या. जनाबाई, मुक्ताबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांचे अभंग ज्या परंपरेने जपले, त्या परंपरेत स्त्रीच्या हाती वीणा द्यायला कचरण्याचं कारण मला कधीच पटलेलं नाही.

दीड तासाची मांडणी

जागोजागी क्रमात थोडा फरक असतो. तुमच्या भागात जुनी फडपरंपरा (वारकऱ्यांच्या एखाद्या फडाची, म्हणजे गटाची, रीत) असेल तर तीच पाळा आणि तिथल्या महाराजांना विचारा. काहीच माहीत नसेल तर पुढचा क्रम घ्या.

समई लागली की आधी हरिपाठ. मग 'जय जय राम कृष्ण हरी', अगदी संथ, टाळ नुसते टेकवल्यासारखे. पाच मिनिटं तरी. दिवसभराची धावपळ अंगातून उतरायला तेवढा वेळ लागतोच. त्यानंतर रूपाचा अभंग: 'सुंदर ते ध्यान', 'राजस सुकुमार' किंवा 'रूप पाहता लोचनी' यातला एक. रूपाचा अभंग आधी का, तर ज्याला हाक मारायची तो डोळ्यांसमोर उभा राहावा म्हणून. मग नामाचा एक, संतांच्या महतीचा एक, उपदेशाचा एक. तीन पुरेत, पाच झाले तर गडबड होते. त्यानंतर एक गौळण. एकनाथ महाराजांची 'वारियाने कुंडल हाले' घेतली की दमलेली मंडळीही ताठ होतात. मग 'ज्ञानोबा माउली तुकाराम' हा गजर, उभ्याने. शेवटी आरती आणि पसायदान.

पसायदान कधीही घाईत उरकू नका. नऊ ओव्या आहेत. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा माउलींनी ते मागणं मागितलं, आणि त्यात स्वतःसाठी काही नाही. वाद्यं थांबवून, सगळ्यांनी एका आवाजात, संथ म्हणावं. मग 'पुंडलिक वरदे हरी विठ्ठल'चा घोष, एकमेकांच्या पाया पडणं आणि प्रसाद. धाकट्याने थोरल्याच्या आणि थोरल्याने धाकट्याच्या पाया पडायचं, ही वारकऱ्यांची रीत पहिल्या दिवसापासून पाळा. पहिल्यांदा सगळे अवघडतात. माझ्या पायावर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी डोकं ठेवलं तेव्हा मी मागेच सरकलो होतो. ते म्हणाले, "माउली, पाय मागे घेऊ नये, आपणही वाकावं."

अभंग निवडणं आणि समजून घेणं

प्रत्येकाची स्वतःची वही असावी आणि अभंग त्यात स्वतःच्या हाताने उतरवलेला असावा. मोबाइलवर बघून म्हणणाऱ्याचे डोळे पडद्यावर राहतात आणि तो ध्रुपदाकडे बघतच नाही. लिहिताना माणूस एकेका शब्दापाशी थांबतो आणि शंका तिथेच निघतात.

आमच्या वह्यांतून निघालेल्या शंका सांगतो. 'तुळसीहार गळा कासे पीतांबर' यात 'कासे' म्हणजे कमरेला. 'मकरकुंडले तळपती श्रवणी' यात श्रवणी म्हणजे कानांत, श्रावणाचा काही संबंध नाही. हे शब्द शेकडो वेळा म्हटलेल्यांनाही माहीत नव्हते, आणि माहीत झाल्यावर मूर्ती एकेका अवयवाने दिसायला लागली असं एका आजींनी सांगितलं. अर्थ सांगायला मोठं प्रवचन नको. अभंग म्हणण्याआधी दोन वाक्यं, तीही ज्याने वहीत उतरवला त्याने सांगावीत.

अभंगाच्या शेवटी मुद्रा असते: 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी', 'म्हणे नामयाची जनी', 'चोखा म्हणे', माउलींचं 'बापरखुमादेवीवरु'. ती आली की हात जोडावेत. पण 'तुका म्हणे' आहे म्हणून अभंग तुकोबांचाच असं धरून चालू नका. समाजमाध्यमांवर अशा मुद्रेच्या किती तरी रचना फिरतात. गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत, सूची पाहून खात्री करावी आणि मगच वहीत घ्यावा.

निवडताना चारच नावांवर थांबू नका. महिन्यातला एक गुरुवार आम्ही एका संताला देतो. अरणच्या सावतोबांचा महिना, तेरच्या गोरोबाकाकांचा, सेना महाराजांचा, नरहरी सोनारांचा. मंगळवेढ्याच्या चोखोबांचा 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' शिकवताना दोन वाक्यांत आवरता येत नाही. ज्याचा अभंग आपण डोळे मिटून म्हणतो त्याला पंढरीच्या देवळात प्रवेश नव्हता, आणि ते दार सगळ्यांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावं लागलं. हे सांगून मग अभंग म्हणा. आणि तुमच्या वस्तीत कुणाला आजवर भजनाचं बोलावणं गेलेलं नाही, ते त्याच दिवशी पाहा.

नीट शिकायचंच असेल तर आळंदीला वारकरी शिक्षण संस्था आहे. जोग महाराजांनी १९१७ मध्ये ती सुरू केली, आणि तिथे शिकलेले कीर्तनकार व पखवाजवादक गावोगावी भेटतात. वर्षातून एकदा अशा कुणाला तरी दोन दिवस बोलवा. चाली दुरुस्त होतात.

ध्रुपद धरणं

सांगणारा एक ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात. ही उचल सम (ठेक्याची पहिली मात्रा) सोडून नको आणि सांगणाऱ्याचा शेवटचा शब्द तोडूनही नको. सराव असा करा: सांगणाऱ्याने ओळ म्हणावी, मंडळींनी ती पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा खुल्या आवाजात म्हणावी. पहिल्या वेळी ऐकून घ्यायचं, दुसऱ्या वेळी द्यायचं. सांगणाऱ्याने तान-आलाप चार महिने तरी बंद ठेवावेत. ते चालू असताना बाकीचे रिकामे बसतात.

सहा महिने झाले की सांगायची पाळी प्रत्येकावर येऊ द्या, अगदी बेसूर माणसावरही. तो चुकेल तिथे मोठ्याने दुरुस्त करायचं नाही. ध्रुपद घट्ट धरायचं, तो त्यावर परत येतो. आमच्याकडे एक रिक्षाचालक दादा आहेत. त्यांचा सूर आजही हलतो, पण ते 'हेचि दान देगा देवा' सांगायला लागले की सगळी खोली त्यांना धरून ठेवते.

घरोघरी जाताना

तीन महिन्यांनी भजन घरोघरी न्या. इथे एक नियम आधी ठरवून, सगळ्यांदेखत सांगून टाका: चहा आणि साखर-फुटाणे किंवा खडीसाखर, याच्यापलीकडे काही नाही. एकाने पोहे केले की दुसरा भजी करतो, तिसऱ्याला जेवण घालावंसं वाटतं आणि चौथा, ज्याला ते परवडत नाही, तो आपली पाळी टाळतो. मंडळं सुराने मोडत नाहीत तितकी अशाने मोडतात. भजनाचे पैसे घ्यायचे नाहीत. कुणी देवापुढे ठेवलेच तर ते टाळ-पखवाजाच्या डागडुजीला, आणि हिशेब दर एकादशीला वाचून दाखवायचा.

दुःखाच्या घरून बोलावणं येतं. दहाव्याच्या किंवा तेराव्याच्या आदल्या रात्री. ते कधीही नाकारू नका. तिथे गौळण नको, लय चढवायची नाही, गजर लांबवायचा नाही. हरिपाठ पुरा म्हणावा, मग दोन अभंग. 'आम्ही जातो आपुल्या गावा' म्हणायचा असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारून घ्या, कुणाला तो त्या वेळी सोसत नाही. रडू आलं तर येऊ द्यावं, भजन थांबवू नये, आवाज खाली आणावा. आमच्या एका सदस्याच्या घरी त्याच्या आईसाठी बसलो होतो. तो स्वतः टाळ घेऊन बसला, पण पहिली ओळ त्याला म्हणता आली नाही. आम्ही ती म्हणत राहिलो. अकराव्या-बाराव्या वेळी त्याचा आवाज आमच्यात आला.

वर्षभराचं

आषाढी आणि कार्तिकीला जागर करा, पण पहिल्या वर्षी बारापर्यंतच, आणि तोही माइकशिवाय. आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेव महाराजांची समाधी, कार्तिक वद्य त्रयोदशीला माउलींची. फाल्गुनात वद्य द्वितीयेला तुकाराम बीज आणि चारच दिवसांनी नाथषष्ठी, त्यामुळे त्या आठवड्यात दोन बैठका होतात, आधी सांगून ठेवा. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा जमला तर जरूर करा. महिनाभर रोज उठणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून दोघा-दोघांच्या पाळ्या लावाव्यात, म्हणजे एकही पहाट रिकामी जात नाही. ज्या वर्षी वारीला जाता येईल त्या वर्षी पूर्ण जमलं नाही तरी एक मुक्काम तरी दिंडीबरोबर चाला. खोलीत शिकलेलं भजन रस्त्यावर चालताना कसं म्हणतात ते तिथेच कळतं.

बैठक उठताना करायची कामं मात्र पहिल्या गुरुवारपासूनच वाटून द्या. एकाने डाव्या पुडीवरची कणीक ओली असतानाच काढायची, वाळली की ती कातडं ओरबाडते. एकाने टाळ कोरड्या फडक्याने पुसून, दोऱ्या गुंडाळून पिशवीत ठेवायचे. एकाने वह्या गोळा करायच्या. आणि एकाने दारात उभं राहून, न आलेल्यांची नावं मनाशी धरून, उद्या कुणाकडे डोकावून यायचं ते ठरवायचं.